मिलिशियाला 'शिबंदी' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली किंग्ज माउंटनची लढाई बंडवाल्यांच्या मिलिशियाने, म्हणजे गरजेपुरतं शस्त्र हाती घेणाऱ्या साध्या नागरिकांच्या फौजेने, जिंकली. मराठीत लिहिताना या मिलिशियाला 'शिबंदी' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. शिबंदी पगारी. गडाचा बंदोबस्त ठेवायचा, वसुलीच्या वेळी धाक दाखवायचा, ही तिची कामं. ती ठेवणारं सरकार नाहीतर सरदार. ७ ऑक्टोबर १७८० रोजी किंग्ज माउंटनला चहूबाजूंनी भिडलेले सुमारे ९०० जण असे कुणाच्या पदरी नव्हते. ॲपलाचियन डोंगरांपलीकडच्या वस्त्यांतले आणि आसपासच्या मुलखातले ते शेतकरी, शिकारी. शस्त्रं खाली ठेवा, नाहीतर डोंगर ओलांडून येईन आणि तुमचा मुलूख जाळीन, असा निरोप ब्रिटिशांच्या मेजर फर्ग्युसनने धाडला होता. त्याच्या येण्याची वाट बघत न बसता डोंगरापलीकडची मंडळी सिकमोर शोल्सला जमली आणि स्वतःच डोंगर उतरून आली. सेनापतीही त्यांच्या कर्नलांनी आपसांत ठरवला: विल्यम कॅम्पबेल. तासाभरात फर्ग्युसन ठार झाला आणि त्याच्या हजारेक माणसांपैकी बहुतेक मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसला उत्तर कॅरोलायनातून मागे फिरावं लागलं. (पुढे १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध हरिपंत फडक्यांच्या सोबतीला होता, तोच हा कॉर्नवॉलिस.)

घोडं घरचं, बंदूक घरची, म्हणून 'शिलेदार' सुचतो. अर्धा जुळतोही, कारण सरकारी घोड्यावरच्या बारगिराहून शिलेदार वेगळा तो याच बाबतीत. पण शिलेदारी हा पेशा होता. ही माणसं मोहीम संपताच घरोघर पांगली.

'लोकसेना' म्हटलं की लाल झेंडा डोळ्यांपुढे येतो, आणि 'नागरी सेना' शहरातली वाटते. 'नागरिकसेना' त्यातल्या त्यात बरा, पण इथे एक मेख आहे. फर्ग्युसनच्या बाजूलाही बहुतांश राजनिष्ठ वसाहतकऱ्यांची मिलिशियाच होती. म्हणून नुसतं 'नागरिकसेनेचा विजय' लिहून भागत नाही, 'बंडवाल्यांची' की 'राजनिष्ठांची' हे सांगावंच लागतं.

मी सरळ 'मिलिशिया' लिहीन. मात्र बातम्यांमुळे आज त्या शब्दाला पश्चिम आशियातल्या सशस्त्र गटांचा वास लागलाय, तेव्हा पहिल्या उल्लेखाला 'गावोगावच्या नागरिकांची मिलिशिया' असं फोडून लिहावं. आणि लिंग स्त्रीलिंगीच ठेवावं: सेना, फौज, पलटण आली, तशीच मिलिशिया आली.