जुन्या मासिकांतल्या जाहिराती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एका जुन्या अमेरिकी मासिकाचं सुटं पान माझ्याकडे आहे. त्यावर कोलगेटची जाहिरात आहे, पण अंकाची तारीख नाही. 'स्थापना १८०६' एवढंच दिसतं. साल कसं ठरवू?

उत्तर : १८०६ हे कंपनी सुरू झाल्याचं साल, जाहिरातीचं नव्हे. स्थापनेचं साल, पेटंटची तारीख, प्रदर्शनातलं पदक (सेंट लुई १९०४ वगैरे) यांतून एवढंच कळतं, की जाहिरात त्याआधीची नाही. एकदा मिळालेलं पदक कंपन्या वर्षानुवर्षं छापत राहायच्या.

आधी पानाचा तळ बघा. कित्येक मासिकं जाहिरातींच्या पानांखाली 'पत्र लिहिताना आमच्या मासिकाचा उल्लेख करावा' अशी ओळ स्वतःच्या नावासकट छापत. नाव मिळालं की निम्मं काम झालं. मग पान उलटा. मागे गोष्टीचा तुकडा किंवा दुसऱ्या मालाची जाहिरात असते. ती मोटारीची असली तर नशीबच समजा, कारण मोटारींच्या किमती भराभर बदलत. फोर्डची टी मॉडेल टूरिंग गाडी १९०८ मध्ये ८५० डॉलरला निघाली आणि १९२५ मध्ये २९० डॉलरवर आली. मात्र तुलना एकाच प्रकारच्या गाडीची करा. त्याच १९२५ मध्ये रनअबाउट २६० डॉलरला होती. दोन प्रकारांची सरमिसळ झाली की साल हमखास चुकतं.

जाहिरात कोणत्या सालानंतरची आहे, हे बारीक अक्षरांतूनही कळतं. पत्त्यात 'न्यूयॉर्क १७' असा शहरापुढे एक-दोन आकडी विभाग असेल तर ती १९४३ नंतरची. पाच आकडी झिप कोड असेल तर १९६३ नंतरची. वर्तुळातला 'आर' हे नोंदणीचिन्ह १९४६ च्या ट्रेडमार्क कायद्याने आलं. त्याआधी 'रेज. यू. एस. पॅट. ऑफ.' (म्हणजे अमेरिकी पेटंट कार्यालयात नोंदलेलं) असं लिहीत. (हे शब्द नंतरही चालू राहिले, तेव्हा नुसते ते दिसले म्हणून पान जुनं ठरत नाही.)

प्रश्न : एका औषधाच्या जाहिरातीतल्या बाटलीच्या चित्रावर 'अन्न व औषध कायदा, ३० जून १९०६ अन्वये हमी' आणि पुढे क्रमांक आहे. म्हणजे सरकारने औषध तपासलं होतं का?

उत्तर : नाही. त्या काळीही पुष्कळ गिऱ्हाइकं याच शब्दांना फसली. हमी उत्पादकाची होती. तो ती अमेरिकेच्या कृषी खात्याकडे दाखल करी आणि खातं त्याला नोंदणीचा क्रमांक देई. माल कायद्यात बसला नाही तर जबाबदारी दुकानदारावर न येता हमी देणाऱ्यावर यावी, एवढाच तिचा उपयोग.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हा कायदा लेबलापुरता होता, मासिकातल्या जाहिरातीला तो लागूच नव्हता. अल्कोहोल, अफू, कोकेन यांचं प्रमाण लेबलावर द्यावं लागे, जाहिरातीत नाही. त्यामुळे लेबल सौम्य आणि जाहिरात बेधडक, अशी जोडी सर्रास दिसते. औषधात खरोखर काय होतं हे हवं असेल तर जाहिरात बाजूला ठेवा आणि १९०६ नंतरचं लेबल शोधा. काही मासिकांनी मात्र कायद्याची वाट पाहिली नाही. 'लेडीज होम जर्नल'ने १८९२ पासूनच असल्या औषधांच्या जाहिराती घेणं बंद केलं होतं, आणि या पैशावर पाणी सोडायला धैर्य लागतं.

प्रश्न : कूपनवर 'डिपार्टमेंट १४७' असा पत्ता आहे. एवढ्याशा कंपनीत इतके विभाग?

उत्तर : विभाग एकही नसेल. ती जाहिरातीची खूण आहे. तीच जाहिरात पाच मासिकांत द्यायची आणि प्रत्येकीत आकडा बदलायचा, म्हणजे आलेल्या पाकिटावरून मासिक ओळखता येतं. समजा, एका जाहिरातीच्या जागेला ८४ डॉलर पडले आणि २१० पत्रं आली, तर चौकशीमागे ४० सेंट खर्च झाला. हाच हिशेब दुसऱ्या मासिकाचा काढला की पुढचे पैसे कुठे घालायचे ते ठरे. जागा ॲगेट ओळींवर विकली जाई. स्तंभाच्या एका इंचात १४ ओळी धरत, म्हणजे अडीच इंचांची जाहिरात ३५ ओळींची. खूण कूपनवरच नव्हे, पत्त्यातही का घालत? कूपन न कापता साधं पत्र लिहिणारे बरेच असत. ते मोजणीतून सुटू नयेत म्हणून. हिशेब फसायचा तो घाईमुळे. मासिक महिनोन्महिने हातोहात फिरतं आणि पत्रं सावकाश येतात. लवकर मोजणी केली तर चांगलं मासिकही तोट्यातलं दिसे.

कूपन बहुधा पानाच्या खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात असे, कारण तिथे कात्रीचे दोन काप पुरतात. जुन्या अंकांचे कोपरे गेलेले दिसतात, ते यामुळेच.

प्रश्न : ग्रंथालयातल्या बांधीव खंडांत जाहिराती का सापडत नाहीत?

उत्तर : बाइंडरने काढून टाकल्या. 'हार्पर्स', 'सेंच्युरी', 'स्क्रिबनर्स' यांसारख्या मासिकांत जाहिराती अंकाच्या सुरुवातीला आणि शेवटी वेगळ्या गठ्ठ्यात असत. मुखपृष्ठासह तो गठ्ठा काढला की खंड पातळ होई आणि मजकुरातलं काहीच जात नसे. अशा खंडांवरून केलेल्या स्कॅनमध्येही तीच उणीव राहते. त्यासाठी मुखपृष्ठ शाबूत असलेले सुटे अंकच मिळवावे लागतात.

प्रश्न : विकत घेतलेलं पान अस्सल की पुनर्मुद्रित?

उत्तर : दहापट भिंग घ्या आणि चित्राआधी अक्षरं तपासा. खिळ्यांच्या छपाईत दाबामुळे शाई कडेला सरकते, म्हणून अक्षराभोवती गडद किनार दिसते. तिरप्या उजेडात पानाच्या मागे अक्षरांचा उठावही जाणवतो. नंतरच्या ऑफसेट प्रतीत ही किनार नसते, आणि पानाचा फोटो काढून छापलं असेल तर अक्षरंसुद्धा टिंबांची बनलेली दिसतात. नुसत्या चित्रातल्या टिंबांवर जाऊ नका. ती अस्सल हाफटोनमध्येही (लहानमोठ्या टिंबांनी छटा दाखवणाऱ्या छापील चित्रातही) असतात. शेवटी पान अंधारात अतिनील दिव्याखाली धरा. कागद निळसर पांढरा झळकला तर त्यात उजळपणाचं रसायन आहे. ते कागदात साधारण १९५० च्या सुमारास येऊ लागलं, म्हणजे १९१० चं म्हणून विकलेलं ते पान १९१० चं नाही.