शहरातल्या गच्चीवरून, रंगीत कॅमेऱ्याला नॅरोबँड (प्रकाशाचा अगदी अरुंद पट्टाच आत सोडणारा) फिल्टर लावून तेजोमेघांचे फोटो निघतात का? सगळे म्हणतात पैसे पाण्यात जातील. घ्यायचाच तर 3 नॅनोमीटर रुंद पट्ट्याचा की 7 च्या, आणि एक्स्पोजर किती ठेवू?

निघतात. सोलापुरात, भर कसब्यातून, तेही गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत काढलेत. "पैसे पाण्यात" हे वाक्य मीही ऐकलंय, आमच्या ग्रुपातल्या एका सरांकडून. म्हणून उत्तर जरा लांबणार.

सरांकडे मोनो म्हणजे कृष्णधवल कॅमेरा, फिल्टर बदलायचं व्हील, सगळं साग्रसंगीत. माझ्याकडे 533 सेन्सरचा रंगीत कॅमेरा आणि 72 मिलिमीटरची एफ/6 दुर्बीण. आधी मी नुसता एच-अल्फा फिल्टर घेतला होता. सर म्हणाले, "चारातले तीन पिक्सेल झोपले की तुझे." खरंच होतं ते. एच-अल्फा म्हणजे हायड्रोजनचा 656 नॅनोमीटरचा प्रकाश, गडद लाल. रंगीत सेन्सरच्या बायर मांडणीत चार पिक्सेलांत एक लाल, दोन हिरवे, एक निळा; म्हणजे लाल चारातला एक, बाकीच्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही. तो फिल्टर मी विकला. पण सर तिथेच थांबले नाहीत. "रंगीत कॅमेऱ्याने नॅरोबँडच्या वाटेला जाऊच नये," असा सरसकट निकाल त्यांनी चारचौघांत दिला आणि तो मला लागला.

मग ड्युअल बँड घेतला. एकाच काचेतून हायड्रोजनही येतो आणि ऑक्सिजनही. ऑक्सिजनच्या रेषा 496 आणि 501 च्या आसपास, म्हणजे हिरव्या-निळ्याच्या सीमेवर. त्या हिरव्या पिक्सेललाही दिसतात आणि निळ्यालाही. झोपलेले तिघं उठले.

जानेवारी 2025. पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, होम मैदानावर पाळणे, शहरभर झगमगाट. आमच्या माळवदावरून शोभेचं दारूकाम छान दिसतं म्हणून सरच घरी आलेले. मी रोझेट तेजोमेघावर दुर्बीण लावून बसलेलो. सरांनी आधी आकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चंद्र, धूर, लाइट आणि रंगीत कॅमेरा," एवढंच म्हणाले.

धूर बसेपर्यंत दहा वाजले. शेजाऱ्यांचा एलईडी फ्लड थेट दुर्बिणीच्या तोंडावर येत होता, तर वाळत घालायच्या दोरीवर दोन चादरी टाकल्या. माळवदावर दुर्बीण लावणाऱ्यांना एक सांगतो : ट्रायपॉड मध्ये ठेवू नका, खाली भिंत असेल तिथे ठेवा. मातीचं छत, खाली लाकूड. कुणी चाललं की सगळं हलतं. मी भिंतीवर ठेवूनही आजी दर तासाला वर यायची, "काय करलालास रे एवढ्या थंडीत?" आणि गायडिंगचा (दुर्बीण ताऱ्यावर नेम धरून ठेवणाऱ्या यंत्रणेचा) आलेख उडी मारायचा. अडीचपर्यंत 300 सेकंदांच्या 54 फ्रेम झाल्या, त्यातल्या नऊ आजीच्या पायाखाली गेल्या. उरल्या 45, म्हणजे पावणेचार तास.

सिरिल या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये एच-अल्फा आणि ऑक्सिजन वेगळे काढायची स्क्रिप्ट आहे, फुकट. ती चालवून दोन्ही थर परत जोडले तेव्हा लाल कडं आणि मधल्या तारकागुच्छाभोवतीचा निळसरपणा, दोन्ही आलं. सरांनी दुसऱ्या दिवशी फोटो 300 टक्के मोठा करून नॉइज दाखवला. मी शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदावर हिशेब मांडला. सहा तास मिळाले असं धरा. मोनोवाला तीन तास हायड्रोजन घेणार, तीन तास ऑक्सिजन, पूर्ण सेन्सरवर : तीन आणि तीन. माझे सहाही तास दोन्ही येतात, हायड्रोजन पाव सेन्सरवर, ऑक्सिजन पाऊण सेन्सरवर : दीड आणि साडेचार. बेरीज दोघांची सहाच. आणि बहुतेक तेजोमेघांत कमी पडतो तो ऑक्सिजनच. रंगीत सेन्सरवरचे छोटे फिल्टर थोडा प्रकाश खातात, तेवढं सरांच्या पदरात टाकतो. पण "वाटेला जाऊ नये"?

शिवाय ढग. सरांनी त्याच महिन्यात त्याच रोझेटचा हायड्रोजन घेतला, ऑक्सिजन पुढच्या रात्रीवर ठेवला आणि आभाळ आलं. माझी रात्र अर्ध्यावर मोडली असती तरी दोन्ही थर हातात असते. सरांचा ऑक्सिजन अजून यायचाय.

आता तुमचं. 3 की 7? चंद्र आणि एलईडी नेहमीचेच असतील आणि खिसा परवानगी देत असेल तर 3. मी 7 वर भागवतो. दुर्बीण एफ/2 सारखी वेगवान असेल तर तिरप्या किरणांमुळे फिल्टरची खिडकी निळ्याकडे सरकते आणि 3 च्या अरुंद खिडकीतून रेषाच निसटू शकते. अशांसाठी वेगळे फिल्टर मिळतात, ते बघा. एक्स्पोजर 300 सेकंद, गायडिंग असेल तरच.

दीर्घिका आणि कृत्तिकांसाठी हा फिल्टर नाही. त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, त्याला चाळून काय उरणार? त्यासाठी बार्शी रोडने नान्नजच्या बाजूला अंधारात जा, फिल्टर घरी ठेवून. जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा प्रकाश हा फिल्टर साफ गिळायचा. एलईडीचा थोडा आत येतोच, आणि चंद्राचाही, ऑक्सिजनमध्ये जास्त. आणि तुमचा "रंगीत कॅमेरा" म्हणजे साधा, मॉडिफाय न केलेला डीएसएलआर असेल तर हे सगळं विसरा. त्याच्या सेन्सरपुढची काच एच-अल्फा बहुतांश अडवते; आधी ती काढून घ्या.

फ्लॅट फ्रेम (धूळ आणि कडांचा अंधार घालवण्यासाठी एकसारख्या उजेडाचे फोटो) फिल्टर लावूनच घ्या. मी पहिल्यांदा काढून घेतल्या होत्या. फोटोत डाव्या कोपऱ्यात धुळीचा गोल डाग राहिला आणि तो सरांनी सगळ्यात आधी शोधला.