माझं मत मायक्रोफोनला

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत ‘आधुनिक संगीतावर सर्वाधिक प्रभाव कुणाचा?’ हा विषय आहे. घरात कुणी बीटल्स म्हणतं, कुणी मायकल जॅक्सन, कुणी सिंथेसायझर. तुम्ही कुणाचं नाव घ्याल?
– एक वाचक, सातारा

उत्तर : शोधांत मायक्रोफोनचं आणि माणसांत अमेरिकी गायक बिंग क्रॉस्बीचं. ध्वनिमुद्रणाच्या कामात माझं उभं आयुष्य गेलं, आणि या दोन नावांवर मी ठाम आहे.

१९२५ पर्यंत रेकॉर्डिंगला माइक जवळजवळ नव्हताच. गायक भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचा. त्या आवाजाने कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर खाच कोरत जायची. कोरायचा सगळा जोर गळ्यातूनच यायचा, त्यामुळे हळुवार गाणाऱ्याचं तिथे कामच नव्हतं. व्हायोलिन क्षीण उमटायचं, म्हणून त्याची लाकडी पेटी काढून चक्क धातूचा कर्णा बसवला. ते स्ट्रो व्हायोलिन. डबल बास या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याऐवजी बऱ्याचदा ट्युबा हे पितळी फुंकवाद्य वाजवत. १९०२ मध्ये कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेस्बर्गने गायिका गौहरजानचं गाणं टिपलं, तेही कर्ण्यातूनच.

वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीतल्या ई. सी. वेंटने १९१६ मध्ये कंडेन्सर मायक्रोफोन तयार केला. १९२५ मध्ये व्हिक्टर आणि कोलंबिया या अमेरिकी कंपन्यांनी विजेवरचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि सुई ढकलायचं काम आवाज विजेने वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरने उचललं. आता शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची गरज उरली नाही, हे क्रॉस्बीने नेमकं हेरलं. तो माइकजवळ येऊन, समोर बसलेल्या एकाच माणसाशी बोलावं तसा गायला. शब्दाआधीचा श्वास, ओळीच्या शेवटी सैल सोडलेला स्वर, हेही गाण्यात आलं. पुढे ॲम्पेक्स या कंपनीच्या टेपरेकॉर्डरमध्ये त्यानेच ५०,००० डॉलर गुंतवले आणि त्यातलं एक यंत्र गिटारवादक लेस पॉलला दिलं. लेस पॉलने त्याला जादा हेड (टेपवरचा आवाज वाचणारा-लिहिणारा भाग) बसवून स्वतःच्याच वादनावर दुसरं वादन चढवलं. बीटल्सनी स्टुडिओत जे केलं, ते याच वाटेवर पुढे जाऊन. मायकल जॅक्सनचंही तेच. सिंथेसायझरचा मान मोठा आहे, पण रॉबर्ट मूगचं हे विजेवर स्वर निर्माण करणारं वाद्य आलं १९६४ मध्ये. तोवर गाण्याची पद्धतच बदलून गेली होती.

आपल्याकडे हा बदल सैगलच्या गळ्यात ऐकू येतो. मुलीला गौहरजानची एखादी जुनी रेकॉर्ड ऐकवा आणि लगेच ‘जिंदगी’ (१९४०) मधलं ‘सो जा राजकुमारी’ लावा. बाळ जागं होऊ नये इतक्या हलक्या आवाजात म्हटलेली ती अंगाई कर्ण्यासमोर उमटलीच नसती. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकवू नका, सैगलचे खालचे स्वर त्यात गळून जातात. चांगले इअरफोन द्या.