तेर्साचा उरलेला अर्धा भाग

पत्र: मी गोव्यात, बार्देशातल्या एका गावात राहते. मराठी शाळेत शिकले, म्हणून मराठीत लिहीत आहे. आईच्या शेवटच्या चार वर्षांत तिचे सगळे मीच केले. आईचा धाकटा मुलगा तेव्हा बोटीवर होता. तो मातीलाही आला नाही, थेट महिन्याच्या मिसाला (चर्चमधल्या उपासनेला) आला. आता नोकरी सुटल्यावर तो परतला आहे आणि मागच्या खोलीत राहतो. ‘चुकलो’ हा शब्द अजून त्याच्या तोंडून निघालेला नाही. संध्याकाळी मी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सांगते तेव्हा तो बल्कांवात, दारापुढच्या ओसरीत, उभा राहून जबाब देतो आणि बेसांव (आशीर्वाद) न मागताच निघून जातो. मी दर रविवारी मुलांना दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवते. क्षमा न मागणाऱ्यालाही क्षमा करावी, असे आपला धर्म खरोखर सांगतो का? घराच्या वाटणीचाही प्रश्न आहेच.
– थकलेली बहीण

ताई,

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे: तो बल्कांवात उभा राहून जबाब देतो.

तेर्स सांगणारा ‘आमच्या बापा’ ही येशूने शिकवलेली प्रार्थना सुरू करतो, पृथ्वीवर देवाची इच्छा होवो इथपर्यंत म्हणतो आणि थांबतो. रोजच्या भाकरीपासून पुढचा भाग जबाब देणाऱ्यांचा असतो आणि क्षमेची याचना त्याच भागात येते. म्हणजे तुमच्या घरात रोज संध्याकाळी, तेर्साच्या पाच रहस्यांना, म्हणजे पाच भागांना, पाच वेळा, ‘आमचीं पातकां भोगस’ (आमच्या पापांची क्षमा कर) हे शब्द तुमचा भाऊ उंबरठ्याबाहेरून, तुम्हाला ऐकू येतील असे म्हणतो, आणि तेर्स तुम्ही सांगत असल्यामुळे ते तुमच्या तोंडी येतच नाहीत. मिसाला सगळ्यांबरोबर तुम्ही ते म्हणता हे खरे. पण तिथे म्हणणे आणि त्याच्या समोर म्हणणे यांत फार अंतर आहे. ‘चुकलो’ हा शब्द त्याने उच्चारला नाही, असे तुम्ही लिहिता. ताई, तो याहून जास्त आणखी काय म्हणणार?

प्रार्थना शिकवून झाल्यावर येशूने तिच्यातल्या एकाच मागणीवर लगेच पुन्हा बोट ठेवले, ती क्षमेची (मत्तय ६:१४-१५). तुम्ही इतरांना क्षमा केली नाही तर तुमचा पिताही तुम्हाला करणार नाही, इतके ते उघड आहे, आणि समोरच्याने आधी मागितली तर, अशी अट तिथे नाही. मराठी बायबलात त्या ओळीत ‘ऋण’ हा शब्द आहे. आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडले आहे, तशी तू आमची सोड. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, कारण ऋण सोडणे म्हणजे काही घडलेच नाही असे म्हणणे नव्हे. दुकानदार उधारीच्या वहीत आकडा लिहितो, तो खराच असतो. सोडायचा तर तो ते नुकसान स्वतः सोसतो. कोंकणीतल्या ‘भोगस’ या शब्दातही मराठी कानाला ते सोसणे ऐकू येते.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात दहा हजार तालांत, म्हणजे अफाट मोठे कर्ज, राजाकडून माफ झालेला चाकर शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. आपण मुलांना ते शंभर दिनार किरकोळ म्हणून सांगतो, आणि तिथे आपले चुकते. दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी होती. शंभर दिनार म्हणजे तीन महिन्यांहून अधिक घाम. तुमची चार वर्षे, रात्री उठून बदललेल्या चादरी, मातीच्या दिवशी शवपेटीचे एक रिकामे टोक धरायला उभा राहिलेला शेजारी, हे सगळे तुमचे शंभर दिनार आहेत आणि ते खरे आहेत. त्या दाखल्यात राजा चाकराला ‘तुझे येणे खोटे आहे’ असे म्हणत नाही. तुझे केवढे सुटले होते, एवढेच विचारतो.

आणखी एक. तुमच्या सबंध पत्रात ‘माझा भाऊ’ हे शब्द नाहीत. ‘आईचा धाकटा मुलगा’ असे आहे. लूकच्या पंधराव्या अध्यायात, घर सोडून गेलेला धाकटा परत येतो त्या दाखल्यात, थोरला मुलगा बापाला असेच म्हणतो, ‘हा तुमचा मुलगा’, आणि बाप उत्तर देताना ते हळूच दुरुस्त करतो, ‘हा तुझा भाऊ’. मुलांना दोतोर्न शिकवताना तुम्ही हा दाखला अनेकदा सांगितला असेल. त्यात शेवटी घराबाहेर कोण उभे राहते, ते आठवा. आत यायला नकार देणारा तो थोरला होता, म्हणून बाप त्याची समजूत घालायला बाहेर आला. तुमच्याकडे बाहेर उभा राहणारा आत यायला तयार आहे, आणि त्याला ‘ये’ म्हणणारे कोणी नाही.

बेसांव न मागता जातो, असा तुमचा राग आहे. बेसांव घरात, वेदीसमोर मागतात. दाराबाहेरून तो कसा मागणार?

वाटणीचे म्हणाल, तर गोव्याच्या कायद्यात मुलगा आणि मुलगी दोघांनाही सक्तीचा वाटा आहे; त्यासाठी वकिलाकडे जा आणि तो विषय तेर्साच्या वेळेत आणू नका. ऋण सोडले म्हणून घरातला तुमचा हक्क सुटत नाही.

मी तुम्हाला एकच करायला सांगते. उद्या संध्याकाळी आंजेलाची (चर्चमधली प्रार्थनेची) घंट झाल्यावर माळ हातात घेऊन बल्कांवात जा, ती त्याच्या हातात द्या आणि म्हणा, “आज तेर्स तू सांग.” त्याने माफी मागावी म्हणून थांबू नका आणि आईचे नाव काढू नका. तो आत येऊन बसेल आणि पहिला अर्धा भाग म्हणेल. मग उरलेला अर्धा तुम्हाला म्हणावा लागेल, त्याच्या शेजारी बसून, मोठ्याने. आवाज अडखळला तर अडखळू द्या, तो ते वाक्य कितीतरी दिवस एकटाच म्हणत आला आहे. आणि चपला काढून तो उंबरठा ओलांडेल तेव्हा चटईवर थोडे सरकून त्याला जागा करा.