पुण्यात रोज २० किमी सायकल चालवतो, महिन्यात दोन पंक्चर ठरलेली. कोणते टायर घ्यावेत?

श्वाल्बे कंपनीचे मॅरेथॉन प्लस टायर घ्या, ३५ किंवा ३८ मिमी रुंदीचे. त्यात ट्रेडखाली, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार भागाखाली, ५ मिमी जाडीचा लवचिक रबरी थर असतो. काच किंवा तारेचा तुकडा रुतला तरी सहसा ट्यूबपर्यंत पोचत नाही. आकार मात्र जुन्या टायरच्या कडेवरूनच वाचा: ३७-६२२ मधला ३७ म्हणजे रुंदी आणि ६२२ हा रिमवर टायर बसतो तिथला व्यास (दोन्ही मिमीमध्ये), व्यास तंतोतंत जुळलाच पाहिजे. रुंदी वाढवत असाल तर फोर्क (पुढचं चाक धरणारा दुफाटा) आणि मडगार्डमध्ये जागा आहे ना, तेही बघा.

हे टायर जड असतात आणि बसवताना घट्ट जातात, शिवाय कमी हवेवर तेही वाचवत नाहीत. खड्ड्यात रिम आदळली की ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. साधारण ७० किलो वजनाला ३५ मिमी टायरमध्ये हवेचा दाब ५५ ते ६५ पीएसआय ठेवा, आठवड्यातून एकदा तपासा. आणि ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवाच! दुसरं पंक्चर बऱ्याचदा आत राहिलेल्या त्याच तारेने होतं.