पत्त्यांचा कट्टा : रेज कधी मारायचा आणि गप्प कधी बसायचं

प्रश्न : दादा नमस्कार. मी सॅन होजेला असतो, दर शुक्रवारी ऑफिस सुटलं की इथल्या एका कार्डरूममध्ये 4-8 लिमिट होल्डेम (पोकरचा एक प्रकार) खेळायला जातो. टेबलवर नऊ जण, त्यातले पाच-सहा तरी प्रत्येक हाताला फ्लॉप (टेबलवर उघडणारे पहिले तीन पत्ते) बघतातच, कोणी पत्ते टाकतच नाही. गेल्या महिन्यात बटनवर (डीलरच्या जागेवर) मला एक्का-राजा आले, वेगवेगळ्या रंगाचे. पुढच्या चौघांनी नुसता कॉल केला होता (चालू बेटएवढेच पैसे भरले होते), मी म्हटलं कोणी जाणारच नाहीये तर रेज (बेट वाढवणं) कशाला, मीही कॉल केला. स्मॉल ब्लाइंडने (पत्ते बघायच्या आधीच सक्तीची अर्धी बेट भरणारा) पत्ते टाकले, बिग ब्लाइंडने (तशीच पूर्ण बेट भरणारा) चेक केलं, म्हणजे जास्त काही न भरता खेळात राहिला. फ्लॉपला एक्का, नव्वी, चौकी. सगळ्यांनी चेक केलं, माझ्या लगेच उजवीकडच्याने बेट केली, मी घाबरून कॉल, मागून बिग ब्लाइंडसकट तिघे आले. टर्नला (चौथा पत्ता) दुर्री, आणि बिग ब्लाइंडकडे पंजी-तिर्री, त्याचा सिक्वेन्स झाला आणि पॉट (जमलेले सगळे पैसे) गेला. मग चिडून पुढच्या शुक्रवारी ठरवलं की आता ॲग्रेसिव्हच खेळायचं, मिळेल तिथे रेज मारले, आणि चारशे डॉलर घालवून घरी आलो. नक्की किती ॲग्रेसिव्ह खेळायचं असतं?
– एक वाचक, सॅन होजे

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण दोन्ही शुक्रवारी तुम्ही एकच चूक केलीय असं मला वाटतं. पहिल्यांदा "आज जपून", दुसऱ्यांदा "आज मारामारी" असं टेबलवर बसायच्या आधीच ठरवून टाकलंत, आणि लिमिटमध्ये ते आधी ठरवता येतच नाही, ते प्रत्येक बेटला नव्याने ठरवावं लागतं.

ज्यांनी लिमिट खेळलं नाहीये त्यांच्यासाठी दोन ओळी. 4-8 म्हणजे प्रीफ्लॉप (फ्लॉपच्या आधी) आणि फ्लॉपला बेट 4 डॉलरची, टर्न आणि रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) 8 ची, कमी नाही जास्त नाही, आणि बहुतेक ठिकाणी एका राउंडला एक बेट आणि तीन रेज झाले की कॅप, त्यापुढे रेज नाही. आपण दिवाळीत तीनपत्ती खेळतो तेव्हा चाल वाढवत नेऊन समोरच्याला पॅक करायला लावतो ना, ती ताकद इथे नाही. चाळीस-पन्नासच्या पॉटसाठी 8 डॉलर द्यायला कोण घाबरणार? म्हणून इथे रेज म्हणजे दमदाटी नाही. रेज मारायची कारणं खरं तर दोनच, एक म्हणजे आत जाणाऱ्या प्रत्येक डॉलरमध्ये तुमचा हिस्सा तुम्ही घालताय त्यापेक्षा जास्त आहे, नाहीतर मागच्यांना एकाच्या जागी दोन बेटा भरायला लावायच्यात.

आता तुमचा एक्का-राजा. सहा जण पॉटमध्ये, म्हणजे प्रत्येक बेटमध्ये तुम्ही एक षष्ठांश घालता, साधारण 17 टक्के. समोर पाच जणांकडे कुठलेही पत्ते असले तरी एक्का-राजा पावपेक्षा थोडं जास्तच वेळा जिंकतो. एक्क्यांची जोडी तर तिथे जवळपास निम्म्या वेळा जिंकते. "कोणी जाणार नाही म्हणून रेज नको" हे म्हणून बरोबर उलटं आहे, कोणी जाणार नाही म्हणूनच रेज मारायचा, सगळे जण तुमच्या हिस्स्यात भर घालतायत. हरणार तुम्ही बऱ्याचदा, चारातल्या तीन वेळा म्हणा हवं तर, आणि प्रत्येक वेळी जीवाला लागणारच, मलाही लागतं, पण जी एक वेळ येते ती सहा जणांचे पैसे घेऊन येते.

पण माझ्या मते तुमची खरी मोठी चूक फ्लॉपला झाली. पॉट बघा, सहा जणांचे चार-चार म्हणजे 24 आणि स्मॉल ब्लाइंडचे 2, एकूण 26 (रेक, म्हणजे कार्डरूमचा कट, सोडून देऊ). उजवीकडच्याने 4 ची बेट केली आणि बाकी सगळ्यांचं बोलणं अजून तुमच्यानंतर व्हायचं होतं. यापेक्षा चांगली जागा मिळत नाही! तुम्ही नुसता कॉल केल्यावर बिग ब्लाइंडला 4 भरून 34 मिळायची संधी, म्हणजे साडेआठास एक. त्याला फक्त चार दुर्र्या हव्या होत्या, न दिसलेल्या 47 पत्त्यांत 4, म्हणजे 43 विरुद्ध 4, पावणेअकरास एक. मागून आणखी दोघे येणार आणि दुर्री लागली तर पुढे 8-8 च्या बेटा मिळणार हे धरलं तर त्याचा कॉल बिलकुल चुकीचा नव्हता. तुम्ही रेज मारला असता तर त्याला 38 साठी 8 भरावे लागले असते, पाचास एक सुद्धा नाही. आणि समजा आधी प्रीफ्लॉपला पण रेज मारून पॉट 50 चा केला असतात, तरी फ्लॉपच्या रेजनंतर त्याला 62 साठी 8, पावणेआठास एकच. म्हणजे प्रीफ्लॉपचा रेज पैशासाठी आणि फ्लॉपचा रेज रस्ता अडवायला, दोन्ही एकाच हातात बसत होते. तो तरीही आला असता कदाचित, अशा टेबलवर लोक येतात, पण मग तो चुकीचं खेळून आला असता आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

बेट करणारा डावीकडे असेल तर मात्र हेच काम चेक-रेजने करायचं, म्हणजे आपण चेक, तो बेट करणार, मधले सगळे कॉल करत येणार आणि मग त्यांच्यावर दुसरी बेट. यात मधले लोक एक बेट भरून अडकलेले असतात त्यामुळे ते फारसे पळत नाहीत, तिथे रेज पैशासाठी मारायचा, रस्ता अडवायला नाही. (आणि तो डावीकडचा बेट करेल याची खात्री नसेल तर हा खेळ करू नका, सगळ्यांनी चेक केलं की फुकट पत्ता दिला जातो.)

दुसऱ्या शुक्रवारच्या हातांचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीये, म्हणून मीच एक हात मांडतो, बघा ओळखीचा वाटतो का. बदामाचे राजा-गुलाम हातात, फ्लॉपला बदामाचा एक्का, बदामाची सत्ती आणि एक तिर्री, म्हणजे रंग (एकाच रंगाचे पाच पत्ते) लागला तर सगळ्यात मोठा आपलाच. समोर चौघे. रिव्हरपर्यंत रंग लागायची शक्यता 35 टक्के, प्रत्येक बेटमधला तुमचा वाटा 20 टक्के. रेज मारा, बिनधास्त मारा. वर तुम्ही शेवटी बोलत असाल तर पुढच्या राउंडला लोक बहुतेक चेक करून तुमच्याकडे बघतात, म्हणजे आत्ता 4 जास्त भरून टर्नचे 8 वाचवता येतात. पण टर्न कोरा गेला आणि समोर दोघेच उरले की हिशोब पालटतो, आता 46 पत्त्यांत नऊ बदाम, वीस टक्क्यांच्या आतच, आणि वाटा घालायचा 33 टक्के. फ्लॉपला ज्या पत्त्यांवर रेज बरोबर होता त्याच पत्त्यांवर टर्नला रेज म्हणजे पैसे वाटणं. मला वाटतं तुमच्या चारशेतले बरेचसे इथेच गेले असतील, आणि उरलेले रिव्हरला रंग न लागल्यावर दोघांसमोर ब्लफ मारण्यात.

रिव्हरचं एक राहिलं. पॉटमध्ये समोरच्याची बेट धरून 88 झालेत आणि तुम्हाला 8 भरून बघायचंय, तर बारातून एकदा जिंकलात तरी बरोबरी. चुकून कॉल केला तर 8 जातात, चुकून टाकले तर 88. त्यामुळे "तो नेहमीच खरा असतो" म्हणून जोडी टाकायच्या आधी खरंच बारातून बारा वेळा तो खरा असतो का हे स्वतःला विचारा. स्वतः बेट करताना मात्र उलट, समोर एकच जण असेल आणि तुम्ही शेवटी बोलत असाल, तर त्याने कॉल केल्यावर निम्म्यापेक्षा जास्त वेळा तुम्हीच जिंकाल असं वाटलं तरच बेट करा.

प्रश्न : कॉम्प्युटरने लिमिट पोकर सोडवलाय असं ऐकलं, मग तोच बघून शिकावं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे, पण फक्त दोघांच्या खेळापुरतं. कॅनडातल्या अल्बर्टा युनिव्हर्सिटीच्या लोकांनी सेफियस नावाचा प्रोग्राम बनवला, जवळपास सत्तर दिवस हजारो प्रोसेसर चालवून, आणि जानेवारी 2015 मध्ये सायन्स मासिकात निकाल छापला. डीलरच्या जागेवरून पहिलं बोलताना तो नुसता कॉल हजारात एकदाही करत नाही, रेज नाहीतर फोल्ड (पत्ते टाकणं). मला ही गोष्ट फार आवडते. पण तिथे समोर एकच माणूस आहे आणि तो फोल्ड करू शकतो, सॅन होजेच्या टेबलवर सहा जण बसून आहेत, तिथे तेच करायला गेलात तर हलक्या पत्त्यांवर रेज मारत बसाल. पहिल्यांदा आपण पॉट उघडतोय तेव्हा रेज नाहीतर फोल्ड, एवढी सवय मात्र घ्या, ती नऊ जणांत पण उपयोगी आहे.

प्रश्न : मी पुण्यात असते, इथे सराव कसा करू?
– एक वाचक

उत्तर : पैसे लावून ऑनलाइन खेळायचा विचार असेल तर तो सोडा, 2025 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या केंद्राच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन गेम बंद केलेत. घरी चार-पाच जण जमवा, शेंगदाण्याच्या बेटा लावा, पहिल्या दोन राउंडला दोन दाणे आणि पुढच्या दोनला चार, आणि पॉटमधले दाणे मोठ्याने मोजून मगच कॉल करायचा असा नियम करा. आणि भाजलेले दाणे घेऊ नका, दहाव्या हातापर्यंत पॉट संपलेला असतो.