‘झुंडाप’ की ‘त्सुंडाप’?

वडिलांच्या जुन्या एन्फील्ड फ्युरी मोटरसायकलबद्दल लिहायला बसलेल्या एका वाचकाने विचारलं आहे: ही गाडी ज्या जर्मन कंपनीच्या आराखड्यावरून बनली, तिचं नाव मराठीत कसं लिहायचं? झुंडाप, झुंडॅप की झुंडॅप्प? आणि त्या नावाला काही अर्थ आहे का?

अर्थ आहे, आणि तो कळला की लेखनाचा निम्मा गुंता सुटतो. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१७ साली, न्यूरेंबर्गमध्ये फ्रित्स नॉयमायर यांनी क्रुपसारख्या बड्या उद्योगाच्या भागीदारीत एक कारखाना काढला. नाव ठेवलं ‘त्सुंडर उंड आपाराटेबाऊ’. त्सुंडर म्हणजे पेटवणारा. आपल्याकडे तोफेला बत्ती देत, पलिता लावत. तोफगोळ्याच्या टोकाशी बसून नेमक्या क्षणी तो फोडणारी जी कळ असते, ती त्सुंडर. आपाराटे म्हणजे उपकरणं, बाऊ म्हणजे बांधणी. त्सुंडरमधला ‘त्सुंड’ आणि आपाराटेमधला ‘आप’ जोडून झालं कंपनीचं नाव. शेतकरी कामगार पक्षाचा ‘शेकाप’ होतो, त्यातलाच हा प्रकार. आद्याक्षरं सुटी न ठेवता त्यांचा तोंडात बसणारा शब्द करायची जर्मनांनाही हौस आहे. आडी दासलर यांच्या नावातून ‘आडिडास’ झालं ते असंच.

युद्ध संपलं आणि तोफगोळ्यांच्या कळांना गिऱ्हाईक उरलं नाही. १९२१ मध्ये कारखाना मोटरसायकलींकडे वळला. पहिल्या गाडीला २११ सीसीचं, लेविस या इंग्रजी बनावटीचं इंजिन होतं. पण नाव बदलावं लागलं नाही, आणि मला या शब्दाच्या इतिहासात सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. ‘त्सुंडेन’ म्हणजे पेटवणं. याच धातूपासून जर्मनमध्ये आगकाडीला ‘त्सुंडहोल्त्स’ म्हणतात, इंजिनातल्या इग्निशनला ‘त्सुंडुंग’ आणि स्पार्क प्लगला ‘त्सुंडकेर्त्से’, शब्दशः पेटवणारी मेणबत्ती. तोफेसाठी घेतलेलं नाव गाडीलाही तितकंच शोभलं.

आता उच्चार. जर्मन लेखनात या नावाचं पहिलं अक्षर झेड आहे, म्हणून आपण इंग्रजीच्या वळणाने ‘झ’ लिहितो. पण जर्मन झेडचा उच्चार ‘त्स’. इंग्रजीत जिथे ट येतो तिथे जर्मनमध्ये पुष्कळदा हा त्स सापडतो: इंग्रजी ‘टेन’, जर्मन ‘त्सेन’; इंग्रजी ‘टंग’, जर्मन ‘त्सुंगं’. त्सुंडेनचा इंग्रजी भाऊबंद आहे ‘टिंडर’, म्हणजे चटकन पेट घेणारं सरपण. मराठी माणसाला हा ध्वनी शिकावा लागत नाही. चूल, चूक, चाक म्हणताना जो च आपण दातांपाशी उच्चारतो, तो जवळजवळ हाच. अडचण इतकीच की चिमणीचा च आणि चुलीचा च आपण एकाच अक्षराने लिहितो. म्हणून ‘चुंडाप’ लिहिलं तर निम्मे लोक चुकीचं वाचतील. ‘त्स’ लिहावं, ‘त्सुनामी’ लिहून तो मराठीत रुळलाच आहे.

दुसरं अक्षर दोन टिंबं डोक्यावर घेतलेला यू. जीभ ‘इ’ची ठेवायची आणि ओठ ‘उ’सारखे गोल करायचे. देवनागरीत त्याला चिन्ह नाही. म्युनिकमध्ये आपण ‘यु’ घालतो, पण तिथला ‘य’ जर्मन कानाला उपराच. ऋग्वेदाची संहिता छापताना माक्स म्युलर यांनी स्वतःला संस्कृतात ‘मोक्षमूलर’ म्हणवून घेतलं, तेव्हा त्यांनी याच स्वराला साधा ‘ऊ’ दिला होता. तो मान्य असेल तर इथेही ‘उ’ चालावा.

शेवटचा ‘ॲप’ मात्र नको. तो मोबाइलच्या ॲपवरून आलेला दिसतो. जर्मन आ इथे सरळ, आखूड आहे आणि पुढचे दोन पी तो आखूड असल्याची खूण म्हणून लिहिले आहेत. त्यांचा जोड उच्चार होत नाही, तेव्हा ‘प्प’ही गळाला.

याच कंपनीची बाकीची नावंही पाहण्यासारखी आहेत. १९५३ मध्ये तिने स्कूटर काढली, तेव्हा व्हेस्पा-लाम्ब्रेटा या इटालियन स्कूटरांची चलती होती. जर्मन स्कूटरला नाव मिळालं इटालियन, ‘बेला’, म्हणजे सुंदरी. केएस ६०१ या हिरव्या, धिप्पाड मोटरसायकलला लोक ‘हिरवा हत्ती’ म्हणत. १९५७ मधल्या छोट्या मोटारीत मागचे प्रवासी पाठीला पाठ लावून मागे तोंड करून बसत, म्हणून तिचं नाव ‘यानुस’, दोन तोंडांचा रोमन देव. १९८४ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं आणि यंत्रसामग्री चीनला गेली. आपल्याकडे मात्र त्याच दशकात तमिळनाडूतली एन्फील्ड कंपनी तिच्या आराखड्यांवरून एक्स्प्लोरर, सिल्व्हर प्लस आणि फ्युरी बनवत होती.

तेव्हा लेखात ‘त्सुंडाप’ लिहा. वडील गाडीला ‘झुंडाप’ म्हणत असतील, तर त्यांच्या तोंडच्या वाक्यात झुंडापच राहू द्या.